उबुंटू-विंडोजच्या संगणकावर रोज सकाळी ग्रबचा मेनू गायब. दुरुस्त केला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच

जुळारी_महाल

सर्वांना नमस्कार. नागपुरात महाल भागात माझे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. सुरुवात शिशाच्या खिळ्यांवर झाली, पुढे संगणक आला, आणि आता लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे चालतात. दुकानातील मुख्य संगणक सहाव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा असून २०१६ च्या अखेरीस सुटे भाग आणून जुळवलेला आहे. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले, आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत बसत नाही, म्हणून दिवाळीच्या सुटीत मी त्याच डिस्कवर शेजारी उबुंटू २४.०४ ही लिनक्सची प्रणाली बसवून घेतली. विंडोज पूर्णपणे काढून टाकणे मला परवडणारे नाही, कारण पंचवीस वर्षांची कामे श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आणि कोरलड्रॉच्या फायलींत अडकलेली आहेत. विंडोजची इंटरनेट जोडणी मात्र दिवाळीपासूनच बंद ठेवली आहे. जुळणी आणि बिले तेवढी विंडोजमध्ये होतात. ईमेल, ग्राहकांनी पाठवलेल्या फायली, बँकेचे व्यवहार हे सारे उबुंटूतून.

काही महिने ही व्यवस्था विनातक्रार चालली. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र सकाळी दुकान उघडून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावरचा ग्रबचा तो मेनू, ज्यात कोणती प्रणाली सुरू करायची ते निवडतात आणि उबुंटू वर व विंडोज खाली असते, येतच नाही आणि संगणक थेट विंडोजमध्ये जाऊन उभा राहतो. एका परिचित दुरुस्ती करणाऱ्याने पेन ड्राइव्हवरून बूट-रिपेअर हे संगणकाची सुरुवात (बूट) दुरुस्त करणारे साधन चालवून दिले, तेव्हा मेनू परत आला. त्या दिवशी मी संगणक तीनदा बंद-चालू करून पाहिला आणि तिन्ही वेळा मेनू दिसला. दुसऱ्या सकाळी पुन्हा नाहीसा. असे तीन वेळा झाले आहे. आता त्याचे म्हणणे असे की, एखाद्या अपडेटने बूट बिघडवले असून दोन्ही प्रणाली पुसून नव्याने टाकाव्या लागतील.

याशिवाय घड्याळही चुकते. कधी ते साडेपाच तास मागे असते, आणि परवा तर एका बिलावर १ जानेवारी २०१६ अशी तारीख छापली गेली. ग्राहकाने बिल परत आणून दाखवले तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. या दोन्ही तक्रारींचा परस्परांशी संबंध आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. लग्नसराई तोंडावर आहे आणि श्रीलिपी नव्याने बसवून सगळे फाँट, जुने साचे जागेवर आणायचे म्हणजे किमान तीन दिवस जातील, म्हणून सर्व पुसण्यापूर्वी येथे विचारतो आहे.

सावजी_टर्मिनल

काका, तुमच्या दुरुस्तीवाल्याचे निदान मला बरोबर वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटमुळे विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेकांच्या संगणकांवरील लिनक्स सुरू होणे बंद झाले होते, तसाच हा प्रकार दिसतो. बायोसमध्ये (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सही असलेल्या फायली चालू देणारी सोय) बंद करा, उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवा, आणि तेवढ्याने भागले नाही तर ईएफआय सिस्टम पार्टिशन (सुरुवातीच्या फायली असलेला डिस्कचा लहान भाग) फॉरमॅट करून दोन्ही बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे छोटे प्रोग्राम) नव्याने लिहा. मी माझ्या लॅपटॉपवर हेच केले होते.

मानेवाडा_पेंग्विन

काका, कृपया यांपैकी काहीही आत्ताच करू नका, आणि ईएफआय सिस्टम पार्टिशन फॉरमॅट करण्याचे तर मुळीच नाही. तुमच्या विंडोजची सुरुवातही त्याच लहानशा पार्टिशनवरून होते.

सावजीभाऊ, ऑगस्ट २०२४ चे प्रकरण खरे आहे, पण त्याची खूण वेगळी होती. त्या अपडेटने फर्मवेअरमधील एसबॅट नावाची, कोणत्या जुन्या आवृत्त्या बाद धरायच्या याची यादी पुढे सरकवली, आणि लिनक्सच्या जुन्या शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) व ग्रबला सिक्युअर बूटच्या पडताळणीत नापास ठरवले. त्यामुळे उबुंटू निवडल्यावर ‘शिमच्या एसबॅट माहितीची पडताळणी अयशस्वी’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येऊन संगणक बंद पडत असे. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ च्या अपडेटमध्ये ती बाब मिटवली. काकांच्या पडद्यावर असा कोणताही संदेश नाही, आणि दिवसभर उबुंटू व्यवस्थित सुरू होते. त्यांच्या प्रश्नातच याहून मोठा पुरावा आहे. विंडोजला दिवाळीपासून इंटरनेटच जोडलेले नाही, तर तीन आठवड्यांपूर्वी अपडेट आले कोठून?

सिक्युअर बूटविषयी एक सावधगिरीची सूचना हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी देते. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) मालकाच्या नकळत सुरू असते. अशा यंत्रावर सिक्युअर बूटची स्थिती बदलली की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असल्याची खात्री करून आणि कागदावर उतरवून मगच अशा गोष्टींना हात लावावा.

आता मूळ मुद्दा. संगणक सुरू होताना तीन टप्पे होतात आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय दुरुस्ती करणे म्हणजे मुद्रित न वाचता खिळे बदलत बसण्यासारखे आहे. पहिल्या टप्प्यात मदरबोर्डवरील फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, स्वतःकडील नोंदींची यादी पाहते. तिच्यात ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणि ‘उबुंटू’ अशा दोन नोंदी असतात आणि त्यांचा क्रम लिहिलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात, जी नोंद पहिली असेल तिने दाखवलेली फाइल ईएफआय सिस्टम पार्टिशनवरून उचलली जाते. उबुंटूच्या बाबतीत ती प्रथम शिम आणि मग ग्रब असते. तिसऱ्या टप्प्यात ग्रब आपली मांडणी उबुंटूच्या पार्टिशनवरून वाचून मेनू दाखवते. ग्रबला ती मांडणी सापडली नाही, उदाहरणार्थ कोणी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचे पार्टिशनच उडवले, तर पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून लुकलुकणारी खूण येते. तो तिसऱ्या टप्प्यावरचा बिघाड. काकांकडे ग्रबची पाळीच येत नाही, संगणक सरळ विंडोजकडे वळतो. याचा अर्थ संशय पहिल्या टप्प्यावर, फर्मवेअरमधील क्रमावर घ्यायला हवा.

काका, खालील माहिती मिळाली तर निदान पक्के करता येईल.

सकाळी मेनू न येता विंडोज सुरू झाल्यावर संगणक बंद करा, पुन्हा सुरू करताना एफ१२ (काही मदरबोर्डांवर एफ८ किंवा एफ११) दाबून बूट निवडण्याची यादी उघडा आणि तिच्यात ‘उबुंटू’ दिसते का ते पाहा. दिसली तर तिच्यावरून उबुंटूत जा, टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘ई-एफ-आय-बूट-एम-जी-आर’ ही आज्ञा सर्व अक्षरे जोडून द्या, आणि ‘बूटऑर्डर’ या ओळीत कोणता क्रमांक आधी आहे ते कळवा. (आज्ञा मी येथे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात.)

दुसरी गोष्ट, आपण रात्री दुकान बंद करताना संगणकाचा भिंतीवरील मुख्य स्विचही बंद करता का? आणि दुपारी बंद-चालू करून पाहिलेत तेव्हा तो स्विच चालू होता का? शक्य असल्यास जेवणाच्या सुटीत संगणक नेहमीप्रमाणे बंद करून भिंतीवरील स्विचही अर्धा तास बंद ठेवा, आणि परत आल्यावर स्वतः समोर बसून सुरू करा. पहिल्या दहा सेकंदांत पडद्यावर जे काही उमटेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

जुळारी_महाल

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे आज सर्व करून पाहिले, आणि मला बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या.

एफ१२ च्या यादीत ‘उबुंटू’ दिसले आणि तेथून ते नेहमीसारखे सुरूही झाले. आज्ञा दिल्यावर विंडोज बूट मॅनेजरपुढे ०००० आणि उबुंटूपुढे ०००१ असे क्रमांक आले, आणि बूटऑर्डरच्या ओळीत ०००० आधी होता. म्हणजे उबुंटूची नोंद शाबूत आहे, फक्त ती दुसरी झाली आहे.

मुख्य स्विच मी रात्री न चुकता बंद करतो. आमच्याकडे चैत्र-वैशाखात संध्याकाळी अवकाळी पाऊस आणि विजा सुरू झाल्या की वीज जाते-येते, आणि मागे एकदा अशाच एका रात्री एक प्रिंटर जळाला होता, तेव्हापासून ही सवय लागली. दुपारी मात्र स्विच चालूच असतो.

आज जेवणाच्या वेळी स्विच अर्धा तास बंद ठेवून नंतर स्वतः संगणक सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत काळ्या पार्श्वभूमीवर संदेश आला, त्याचा आशय असा की सीमॉसची (मदरबोर्डची सेटिंग जपणाऱ्या स्मृतीची) माहिती चुकीची आढळली असून मूळ सेटिंग भरली आहेत, सेटअपसाठी एफ१ दाबा किंवा पुढे जाण्यासाठी एफ२ दाबा. मी दुकानातील मुलाला विचारले तर तो सहजपणे म्हणाला, “हे तर रोजच येते काका, मी एफ२ दाबून देतो.” सकाळी दुकान तोच उघडतो, आणि मी येईपर्यंत विंडोज समोर तयार असते. त्याच्यावर रागवावे असे काही नाही. संगणक सुरू करणे हे त्याचे काम, ते तो करत होता. पण हा संदेश मी तीन आठवडे पाहिलाच नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगितला नाही.

मानेवाडा_पेंग्विन

काका, आपला प्रश्न सुटल्यात जमा आहे. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही फर्मे (छपाईसाठी जुळवलेली पाने) जसेच्या तसे बांधलेले आहेत. यंत्रावर आधी कोणता चढवायचा ती चिठ्ठी तेवढी रोज रात्री हरवते. ग्रब बिघडलेले नाही, विंडोज बिघडलेले नाही, आणि काहीही पुसण्याची आवश्यकता नाही.

संगणक बंद असला तरी भिंतीवरील स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टचा एक लहान प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो, आणि त्यावर घड्याळ चालते. स्विच बंद झाला की ती जबाबदारी सेलवर येते. सेल मेलेला असेल तर घड्याळ थांबते, आणि सेटिंगही टिकत नाहीत. पुढच्या वेळी फर्मवेअरला ही सेटिंग पुसलेली दिसतात आणि ते कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग भरते. उबुंटू आणि विंडोज यांच्या नोंदी मात्र फ्लॅश चिपमध्ये असल्यामुळे त्या टिकतात. बहुतेक मदरबोर्डांवर क्रम तेवढा बदलून विंडोज पुन्हा वर येते. म्हणूनच आपण तीनदा बंद-चालू करूनही मेनू टिकला आणि रात्रीनंतर नाहीसा झाला. बूट-रिपेअरने दर वेळी काम केले ते याच कारणाने, की ग्रब पुन्हा बसवताना ते क्रमही पुन्हा लिहीत होते. दुरुस्ती करणाऱ्याची चूक एवढीच की, जे मुळात शाबूत होते तेच तो पुन्हा पुन्हा बसवत राहिला.

आता घड्याळाकडे वळू, कारण तेथे दोन निरनिराळे दोष एकमेकांत मिसळले आहेत. १ जानेवारी २०१६ ही तारीख सेलमुळे आली. घड्याळ शून्यावर गेले की फर्मवेअर स्वतःची ठरलेली तारीख घालते, आणि आपले विंडोज इंटरनेटवर नसल्यामुळे ती दुरुस्त करून घ्यायला त्याच्याकडे मार्ग नाही. साडेपाच तासांचा फरक मात्र सेल बदलल्यानेही जाणार नाही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातील वेळ ही स्थानिक वेळ समजते, तर उबुंटू तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून तीत आपले साडेपाच तास मिळवते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळल्यावर घड्याळात जागतिक वेळच लिहून ठेवते. उबुंटूतून विंडोजमध्ये गेलात की दुपारचे तीन वाजलेले असताना पडद्यावर सकाळचे साडेनऊ दिसतात, ते यामुळे.

यावर उपाय दोन आहेत: विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या आतील सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद घालून त्याला जागतिक वेळ वाचायला लावणे, किंवा उबुंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगणे. पुस्तकी सल्ला पहिल्याचा आहे, आणि दुसरा निवडल्यास उबुंटू स्वतःच इशारा देते. त्या इशाऱ्याचे मुख्य कारण असे की अनेक देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासाभराने पुढे-मागे करतात आणि तेव्हा दोन्ही प्रणाली तो बदल आपापल्या परीने करून गोंधळ घालू शकतात. भारतात तसा बदल होत नाही आणि देशभर वेळही एकच आहे, म्हणून एका जागी बसलेल्या संगणकासाठी दुसरा उपाय निर्धास्तपणे करावा असे माझे मत आहे. चालत्या विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा तो बरा. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा द्यावी लागते. पण आधी सेल बदला. तोवर घड्याळाच्या कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष विश्वासार्ह नसेल.

निवृत्त_यंत्रज्ञ

ताईंचे निदान अचूक आहे. सेल बदलण्याविषयी मी थोडे सांगतो, कारण या साध्या कामातही लोक अडचणीत येतात.

आपल्याला सीआर २०३२ हा सेल लागेल. २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर; त्याऐवजी २०२५ गळ्यात मारला तर तो पातळ असल्याने साच्यात नीट टेकत नाही, तेव्हा आकडा वाचून घ्या. सीताबर्डीच्या बाजारात तो कोठेही मिळेल. घड्याळाच्या दुकानातही असतो. चांगल्या बनावटीचा घ्यावा, आणि घरी मल्टिमीटर असेल तर बसवण्यापूर्वी मोजून पाहावा. तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवला तर सेल ताजा समजावा.

सेल काढण्यापूर्वी बायोसमधील प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, हे मी आग्रहाने सांगतो. विशेषतः साटा मोड (डिस्क हाताळण्याची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, आणि बूट नव्या यूईएफआय पद्धतीने आहे की जुन्या लेगसी पद्धतीने, हे टिपून घ्या. काही मदरबोर्डांची मूळ सेटिंग विंडोज ज्या साटा मोडमध्ये बसवले होते त्यापेक्षा वेगळी असते, आणि मग सेल बदलल्यावर विंडोज निळा पडदा दाखवून ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशी तक्रार करते. अशा वेळी मंडळी घाबरून विंडोज नव्याने टाकतात; प्रत्यक्षात साटा मोड पूर्ववत केला की ते सुरू होते. आपल्याकडे मूळ सेटिंग भरूनही विंडोज रोज उठते आहे, त्यामुळे ही भीती कमी, तरी फोटो असू द्यावेत.

काम करताना केवळ स्विच बंद करून भागवू नका, वायरच काढा. मग पुढचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवा. सेलच्या कडेला एक लहानशी क्लिप असते, ती नखाने बाजूला दाबली की सेल वर उचलला जातो. स्क्रूड्रायव्हरने उपटू नये, साचा तुटतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवा.

कॅबिनेट उघडलेच आहे तर धूळही काढून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात डेझर्ट कूलर सुरू झाला की त्याचा दमट झोत नेमका टेबलाखालच्या कॅबिनेटवर येतो आणि आत धुळीचा ओलसर थर बसतो. कूलरची दिशा बदलणे अथवा कॅबिनेट दुसऱ्या बाजूला सरकवणे फुकटात होते.

आपण रात्री मुख्य स्विच बंद करता ती सवय सोडू नका. त्यामुळे सेलवर थोडा अधिक भार पडतो हे खरे, पण सेल स्वस्त आहे आणि मदरबोर्ड महाग. शिवाय नऊ-दहा वर्षे चाललेल्या सेलने आणखी काय द्यावे?

सावजी_टर्मिनल

ताई, माझा सल्ला घाईचा होता हे मान्य करतो. काकांनी ईएफआय पार्टिशन फॉरमॅट केले असते तर विंडोजही गेले असते. बाकी वाचकांनी माझे पहिले उत्तर वापरू नये.

जुळारी_महाल

सर्वांचे आभार. सेल काल दुपारी बदलला. जुना सेल मोजला तर २.१ व्होल्ट निघाला. बायोसचे अकरा फोटो काढले होते. त्यातील साटा मोड जसाच्या तसा राहिला, तारीख आणि वेळ मी हाताने भरली, आणि बूटच्या पानावर उबुंटूला पहिले स्थान दिले. रात्री नेहमीप्रमाणे मुख्य स्विच बंद केला. आज सकाळी मुलाला संगणकाला हात न लावण्यास सांगून मी स्वतः साडेनऊला दुकान उघडले. कोणताही संदेश आला नाही, मेनू आला, तारीख बरोबर होती. घड्याळाची आज्ञाही दिली. उबुंटूने इशारा दिला खरा, परंतु दोन्हीकडे आता वेळ सारखी दिसते.

आता दोन लहान अडचणी उरल्या आहेत. विंडोजमधील ‘कामे’ नावाचे पार्टिशन उबुंटूत उघडते, पण त्यात काही साठवता येत नाही, फक्त वाचता येते. हे पहिल्यापासूनच असे आहे, आणि तेच असावे असे समजून मी ग्राहकांच्या फायली पेन ड्राइव्हवर घेऊन, पुन्हा विंडोज सुरू करून आत टाकत होतो. दुसरे असे की, मेनूत दहा सेकंदांत काही निवडले नाही तर उबुंटू सुरू होते, आणि सकाळी मुलाला विंडोज लागते. तो त्या वेळी झाडू मारत असतो.

मानेवाडा_पेंग्विन

काका, पेन ड्राइव्हच्या फेऱ्या थांबवता येतील. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय मुळातच चालू असते. ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवून झोपी जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येते. अशा अवस्थेत त्याची एनटीएफएस (विंडोजच्या साठवण-पद्धतीची) पार्टिशने अर्धवट उघडी राहिलेली असतात. त्यांत बाहेरून काही लिहिले तर विंडोज जागे झाल्यावर स्वतःच्या आठवणीतील जुनी नोंद त्यावर लिहील आणि फायली खराब होतील, म्हणून उबुंटू ती केवळ वाचण्यापुरती उघडते, आणि काही वेळा उघडायलाच नकार देते. हा अडथळा आपल्या भल्याचा आहे. जबरदस्तीने लिहिण्याच्या ज्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात त्या आपल्या पंचवीस वर्षांच्या कामांवर करू नयेत.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ व तिला जोडून एच, मग मोकळी जागा आणि ‘ऑफ’ असे द्या. त्याने हायबरनेशन (स्थिती डिस्कवर लिहून झोपणे) आणि त्याबरोबर फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. नंतर विंडोज एकदा पूर्ण बंद करून उबुंटूत गेलात की ‘कामे’ लिहिण्यासाठी उघडेल. विंडोज सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढाच तोटा आहे. घाईच्या वेळी लक्षात असू द्या की विंडोजमधील ‘रीस्टार्ट’ हा पर्याय फास्ट स्टार्टअप चालू असतानाही खरेखुरे बंद करतो. लबाडी फक्त ‘शट डाउन’मध्ये आहे.

मेनूच्या बाबतीत, ग्रबला शेवटची निवड लक्षात ठेवायला सांगता येते. उबुंटूतील ‘ईटीसी’ फोल्डरात ‘डिफॉल्ट’ नावाचे उपफोल्डर आहे आणि त्यात ‘ग्रब’ नावाची फाइल. तिची एक प्रत काढून ठेवा, मग ‘ग्रब_डिफॉल्ट’ची किंमत ‘सेव्ह्ड’ करा आणि त्याखाली नव्या ओळीत ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट’ची किंमत ‘ट्रू’ अशी लिहा. त्याच फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची ओळ असेल तर तिची किंमत ‘फॉल्स’ आहे आणि तिच्या आरंभी टिप्पणीचे चिन्ह (#) नाही, याची खात्री करा. नसेल तर ती ओळ लिहा. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, सुरक्षेच्या कारणास्तव दुसऱ्या प्रणाली शोधणे मुळातच बंद केलेले असते, आणि ही ओळ नसल्यामुळे मेनू नव्याने बनवताना विंडोज त्यातून गळाल्याच्या तक्रारी पुष्कळ दिसतात. शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या आणि त्याच्या उत्तरात विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ वाचल्याशिवाय संगणक पुन्हा सुरू करू नका.

असे केले की रात्री शेवटी विंडोज वापरून बंद केलेत तर सकाळी मेनूत विंडोजवरच खूण असेल, आणि मुलाचे झाडून होईपर्यंत ते आपोआप उघडेल. रात्री उबुंटूतून बंद केलेत तर सकाळी उबुंटू येईल, तेवढे त्याला सांगून ठेवा.

जुळारी_महाल

ताई, दोन्ही गोष्टी झाल्या. ‘कामे’मध्ये उबुंटूतून एक पत्रिका साठवली आणि विंडोजमध्ये कोरलड्रॉने ती विनातक्रार उघडली. अपडेट-ग्रबच्या उत्तरात विंडोजची ओळ आली होती. रात्री विंडोजमधूनच बंद करायचे, असे मुलाचे आणि माझे ठरले आहे.

१ जानेवारी २०१६ चे ते बिल रद्द करून ग्राहकाला नवे दिले. या काळात आणखी दोन बिलांवर तीच तारीख गेल्याचे आज वही तपासताना आढळले. त्यांना फोन केला आहे.